आधी कर्ण मोजा, मग कुदळ

लंडन

ती. अण्णांना शि. सा. न. वि. वि.

जुळे सोलापूरच्या घराला वाढीव खोली काढताय, त्याच्या आखणीचा व्हिडिओ पोचला. फक्की ठळक पडलीय, खुंट्यांना हळदकुंकू लागलंय, नारळही फुटलाय. खोली तेवढी चौकोनी नाही. तुमच्या नातवानं विचारलं, "आजोबा पतंग बांधतायत का?"

कारण उघड आहे. निंब वाचवायला एक कोपरा तुम्ही आत घेतलात, बुलेट निघावी म्हणून दुसरा काकांनी आणि ईशान्य मोकळी हवी म्हणून तिसरा आईनं. चौथा एकट्या मिस्त्रींचा. तेवढाच बरोबर दिसतो.

आता असं करा. जुन्या भिंतीलगतच्या दोरीवर कोपऱ्यापासून सहा फुटांवर खूण करा, आडव्या दोरीवर आठ फुटांवर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर दहा फूट भरलं की काटकोन साधला. चारी खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजा, सारखेच भरले पाहिजेत. आईला सांगा, हे विलायती खूळ नाही. बौधायनाच्या शुल्बसूत्रातली यज्ञवेदीसुद्धा दोरीनंच आखलेली. मिस्त्री म्हणतील, "आपली नजर हाय की!" असू दे. टेप लावायचीच.

दुसरं, "चार फूट खणतो" हे त्यांचं बोलणं मला पटलं नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. अंगणातल्या भेगेत गेलेल्या माझ्या गोट्या अजून वर आलेल्या नाहीत. पाऊस पडला की तीच माती फुगते. जुनं घर तुम्ही मुरुमावर उभं केलंत. नवी खोली मातीवर टेकली तर सांध्यावर तडा ठरलेला. तेव्हा फूट मोजू नका, पक्का मुरूम लागेपर्यंत खणा. निंबाची मुळं पाणी ओढून माती आणखी आटवतात, म्हणून खोली त्याच्यापासून जमेल तेवढी लांब सरकवा. निंब राहू दे. बुलेट रस्त्यावर लागेल.

लंडनची चिकणमाती याच स्वभावाची. 1976 च्या दुष्काळात इथली कितीतरी घरं तडकली, तेव्हापासून पाये खोल घेतात. सध्या आमच्या शेजाऱ्यांनीही खोली काढलीय. आमच्या घरापासून तीन मीटरच्या आत, आमच्या पायापेक्षा खोल खणायचं, म्हणून 1996 च्या कायद्याप्रमाणे त्यांनी महिनाभर आधी लेखी नोटीस दिली. चर खणून झाला की काँक्रीट ओतण्याआधी निरीक्षक येऊन तळ बघतो. तुमच्याकडे हरकत आणि तपासणी, दोन्ही खाती काकांकडेच आहेत, तीही बिनपगारी.

मुरूम लागला की चरात टेप उभी धरून फोटो पाठवा. मागच्यासारखा मिस्त्रींचा पोरगा उभा करू नका, त्याची उंची आम्हाला माहीत नाही. काँक्रीट त्यानंतरच.

गड्ड्याच्या जत्रेला येतोय. आईला नमस्कार. पत्र काकांना वाचायला द्याल तेव्हा बुलेटची ओळ दुमडून द्या.

आपला आज्ञाधारक,
धाकटा