तिथे सोफा येणारच आहे

कोथरूडमधल्या एका चौथ्या मजल्यावर सोफ्याची जागा अखेर ठरली. ती घरमालकाने ठरवली नाही, त्याच्या बायकोने ठरवली नाही आणि संगणकावर घराची रंगीत चित्रं दाखवणाऱ्या सजावटकारानेही नाही. ती ठरवली दोन फरश्यांनी. या फरश्या घरात नाहीत, दुकानात नाहीत आणि दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे आता या भूतलावरही नाहीत. हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात चार बाय चार फुटांचा सिमेंटचा चौकोन उघडा पडलाय. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघतो आणि एकच वाक्य टाकतो, “अहो, तिथे सोफा येणारच आहे ना!”

राहत्या घरात काम काढणाऱ्या गृहस्थाला ठेकेदार पहिल्याच भेटीत सांगतो, “साहेब, एकेक खोली करू. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.” भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, दलाल हे सगळं डोळ्यांपुढे आलेल्या गृहस्थाला हे वाक्य पटतं. मग पहिल्या दिवशी एकाच वेळी हॉल, स्वयंपाकघर आणि एक बाथरूम फोडलं जातं, कारण फोडणारी माणसं त्याच दिवशी मोकळी असतात.

त्यानंतर संसार चालू राहतो. म्हणजे इंडक्शन बेडरूममध्ये, धान्याचे डबे पलंगाखाली आणि कुकरच्या शिट्ट्या दहावीच्या मुलाच्या भूमितीत. भांडी बाथरूममध्ये घासली जातात, आणि अंघोळीला जाणाऱ्याला आधी कढई बाहेर काढावी लागते. देव्हारा वॉशिंग मशीनवर आहे. कपडे पिळायची वेळ जवळ आली की आजी आधी बाळकृष्ण उचलून हातात घेतात, मशीन थांबलं की परत ठेवतात. पुट्टी घासल्याची पांढरी भुकटी झाकण असूनही तुपाच्या बरणीत पोचलेली आहे. गृहस्थांच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये समोरचे लोक आता “तुमच्याकडे पाऊस पडतोय का?” असं विचारत नाहीत. तो आवाज फरशी फोडणाऱ्या ब्रेकरचा आहे हे सगळ्यांना माहीत झालंय.

पण हे सगळं सहन होतं. सहन होत नाही तो चौकोन.

तो का उरला याचा हिशेब पाचवीतला आहे. हॉल साडेबारा बाय वीस, म्हणजे अडीचशे चौरस फूट. फरशी बाजाराच्या भाषेत “चार बाय दोन”. म्हणजे आठ चौरस फूट. अडीचशे भागिले आठ, सव्वाएकतीस. बत्तीस धरा. एका पेटीत दोन फरश्या, म्हणजे सोळा पेट्या. “आणि वेस्टेजला एक जास्तीची देतो साहेब, सतरा,” दुकानदार म्हणाला आणि त्याने मोठ्या मनाने चहा मागवला. आता पेटीवर छापलेलं वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं की फरशी चार बाय दोन नाहीच. ती 600 बाय 1200 मिलिमीटर आहे. तिचे चौरस फूट होतात पावणेआठ. या पाव फुटात देशातल्या कित्येक हॉलांचे कोपरे गडप झालेत. दुकानदाराच्या मूळच्या सोळा पेट्या म्हणजे 248 चौरस फूट. एकही तुकडा वाया न घालवता अडीचशेचा हॉल भरायला त्या दोन फूट कमीच. त्यात भिंतीच्या पायथ्याला चार इंची स्कर्टिंग त्याच फरशीतून कापायची असते. दारं सोडून पंचावन्न फुटांची ती पट्टी अठरा चौरस फूट खाते. दुकानातल्या कागदावर स्कर्टिंग नव्हतं. बिलात पॉलिश केलेल्या काठांचे पैसे मात्र होते.

शिवाय भिंती गुण्यात नाहीत. मिस्त्रीने पहिल्या दिवशी दोरी लावली, गुण्या ठेवला आणि खोली एका टोकाला अंगुळभर रुंद असल्याचं जाहीर केलं. ज्याने इमारत बांधली त्याने काटकोन हा ऐच्छिक विषय मानला होता. म्हणून प्रत्येक ओळीची शेवटची फरशी तिरकी कापायची, आणि तिरका कापलेला तुकडा दुसरीकडे बसत नाही. जाणकार दहा टक्के माल जास्त घ्यायला सांगतात तो याचसाठी. स्कर्टिंग आणि दहा टक्के धरून या हॉलला एकोणीस पेट्या लागत होत्या. हे गणित दुकानदाराला येतं, मिस्त्रीला येतं आणि ठेकेदाराला तर झोपेतही येतं. ते फरशी बसवून झाल्यावर येतं.

एक पेटी पुन्हा आणावी, तर इथे मोरबीचा प्रवेश होतो. सौराष्ट्रातलं, मच्छू नदीकाठचं हे गाव देशाच्या फरश्यांचा फार मोठा भाग बनवतं. तिथल्या लांबलचक भट्ट्यांत बाराशे अंशांच्या आसपास फरशी भाजली जाते आणि भाजताना ती आक्रसते. माती जरा बदलली, आच जरा कमीजास्त झाली की रंगाची छटा हलते आणि मापही केसभर सरकतं. म्हणून प्रत्येक पेटीवर छटेचा आणि लॉटचा नंबर मारलेला असतो. कारखानदाराने सांगायचं ते प्रामाणिकपणे पेटीवर सांगून ठेवलंय. गृहस्थांनी ती पेटी मात्र ताज्या फरशीवर अंथरली, वर प्लास्टरचे थेंब पडले आणि लॉटचा नंबर पीओपीखाली गेला. दुकानदाराने संगणकात बघून सांगितलं, “तो लॉट संपला साहेब. आता नवीन येईल. साधारण तसाच असतो.”

साधारण तसाच असलेला एक नमुना घरी आला. एरवी कोणीही त्याला पांढराच म्हटलं असतं. जुन्या पांढऱ्याशेजारी ठेवल्यावर मात्र तो चहाच्या बशीसारखा दिसू लागला. पांढऱ्यात इतके प्रकार असतात हे या कुटुंबाला फरशी घेण्याआधी ठाऊक नव्हतं, आणि आता आजीसुद्धा चष्मा पुसून “यात पिवळट मारतोय” असं म्हणतात. फरशीचं नाव इटलीतल्या एका गावावरून आहे. त्या गावच्या डोंगरात खरा संगमरवर निघतो. या फरशीवर त्याच्या शिरा यंत्राने छापलेल्या आहेत. छापील शिरांचे मोजकेच नमुने असतात आणि मिस्त्रीने एकच नमुना शेजारी शेजारी लावल्यामुळे टीव्हीच्या भिंतीलगत एकाच निसर्गाने एकच चमत्कार सलग तीनदा केलेला आहे.

आणि हे सगळं कशाच्या जागी? मोझॅकच्या. चाळीस वर्षं जुनी, ठिपक्याठिपक्यांची, कशानेही न फुटणारी फरशी. तिच्यावर पोळपाट पडले, सायकली उभ्या राहिल्या, दोन बाळंतपणं झाली, तिला तडा गेला नाही. फक्त ती “जुनी दिसत होती”. ती काढायला दोन माणसं ब्रेकर घेऊन घाम गाळत होती, तेव्हाच तिने आपली बाजू पुरेशी स्पष्ट मांडली होती. पॉलिशचं मशीन फिरवलं असतं तर दोन दिवसांत आरसा झाला असता. पण पॉलिशला ठेकेदाराच्या दरपत्रकात ओळ नसते. आता तीच ठिपक्यांची फरशी टेराझो म्हणून उच्चभ्रू कॅफेंच्या भिंतीवर चढली आहे, आणि फरशीच्या त्याच दुकानात ठिपके छापलेल्या व्हिट्रिफाइड फरश्या वेगळ्या रॅकवर, वेगळ्या दिव्याखाली ठेवल्या आहेत. गृहस्थ त्या रॅकसमोर थांबले आणि बायकोला म्हणाले, “ही काहीतरी वेगळीच वाटते, नाही?” फोडलेली मोझॅक गोण्यांत भरून जिन्याखाली उभी होती. त्या गोण्या एका रात्री टेम्पोत चढल्या आणि कुठल्या नदीपात्रात उतरल्या ते कोणी विचारलं नाही. बांधकामाच्या राड्यारोड्याचे नियम 2016 सालीच निघालेत. त्यात काँक्रीट वेगळं, माती वेगळी, लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळं आणि विटा-चुना वेगळा असे ढीग करायला सांगितले होते. जिन्याखाली एकच ढीग होता. टेम्पोवाल्यालाही एकच हवा होता.

चौकोनाचं दुःख करणाऱ्या या घरात एक गोष्ट मात्र कोणाला खटकली नाही. एक पेटी तीस किलोच्या आसपास भरते. सतरा पेट्यांचा तो अर्धा टन माल दोन मजुरांनी डोक्यावरून चौथ्या मजल्यावर चढवला, कारण लिफ्टमध्ये “बांधकामाचे साहित्य व कामगार यांना सक्त मनाई आहे” अशी पाटी आहे. त्याच पाटीच्या पुढच्या ओळीत पाळीव कुत्र्यांना पट्टा असल्यास परवानगी आहे. वर आल्यावर त्यातल्या एकाने बाल्कनीत बसून चार इंची कटरने फरश्या कोरड्याच कापल्या. पाण्याची धार धरून कापल्या तर धूळ खाली बसते. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं की तेवढी सोय होते. पण पाणी हॉलमध्ये येतं, प्लायवूड फुगतं, म्हणून साहेबांनी नको म्हटलं. या फरशीत क्वार्ट्झ असतं. त्याची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही. टीव्हीला तीन पदरी प्लास्टिक, सोफ्याला जुनी रजई, झुंबराला कचऱ्याची पिशवी आणि कापणाऱ्याच्या नाकाला त्याचाच गमछा. सोसायटीच्या सभेत तासभर चर्चा झाली ती दुपारी दोन ते चार आवाज बंद ठेवण्याची, कारण सदस्यांना झोप लागते. त्या दोन तासांत फरश्या कापणारा तो मुलगा जिन्यात बसून खोकत असतो. खोकण्याचा आवाज नियमात बसतो.

असो. मुद्दा चौकोनाचा आहे.

चौकोनावर उपाय सुचवणाऱ्यांची घरात रांग लागली. ठेकेदार म्हणाला, “हायलायटर मारू,” म्हणजे मध्येच सोनेरी वेलबुट्टीची फरशी, जशी काही ती पहिल्यापासून मनात होती. मेहुणे म्हणाले, गालिचा टाका. मिस्त्री म्हणाला, “साब, सोफा तो वहीं आएगा ना?” आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. फक्त टीव्हीचा पॉइंट त्याच भिंतीवर काढून झाला होता, म्हणजे सोफ्यावर बसणाऱ्याची पाठ टीव्हीला. मग टीव्ही समोर न्यायचा. समोर न्यायचा तर वायर न्यायची, वायर न्यायची तर पुट्टी झालेल्या भिंतीत झिरी मारायची, आणि झिरी मारणारा इलेक्ट्रिशियन गावी गेलेला. तो आला तेव्हा कळलं, समोरच्या भिंतीत बाथरूमचा नवा पाइप जातो. पाइप वळवायला प्लंबर आला, त्याने बाथरूमची कालच बसवलेली एक फरशी काढली, ती फुटली, आणि तिचाही लॉट संपला होता. तेवढ्यात आजींची धाकटी बहीण चाळीसगावहून आली. ईशान्येला जड सामान ठेवतात का कुठे, असं तिने दारातच विचारलं. सजावटकाराने क्षणभर विचार करून हलका सोफा सुचवला. हलका सोफा वेताचा. वेताच्या सोफ्याला उंच पाय असतात. उंच पायांखालून चौकोन दिसतो. तेव्हा सोफ्याला झालर लावायचं ठरलं, आणि झालरीचा रंग फरशीशी जुळायला हवा म्हणून एक फरशी घेऊन गृहस्थ लक्ष्मी रोडला गेले. ती फरशी त्यांनी स्कर्टिंगसाठी राखून ठेवलेल्यांपैकी होती. रिक्षातून उतरताना तिचा कोपरा उडाला.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी काम बघायला आले. चप्पल काढावी की नको या विचारात दारातच थांबले, मग चपलेसकट आत आले, भिंतीवर टकटक केली, झालर लावलेल्या सोफ्यावर बसले आणि पाठीमागच्या टीव्हीकडे मान वळवून म्हणाले, “झकास झालंय हो. आम्हीही पुढच्या महिन्यात मोझॅक काढतोय. आमचा हॉल तुमच्याएवढाच. पेट्या किती लागल्या?”

“सतरा,” गृहस्थ म्हणाले. “पुरून उरल्या.”