आप्पांचा फॉल्ट

आप्पांना काहीही सांगा. पंखा आवाज करतोय म्हणा, पोरगं अभ्यास करत नाही म्हणा, त्यांचा पहिला प्रश्न एकच : "अर्थिंग बघितलंस काय?"

टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर म्हणून त्यांची तीस वर्षं खड्ड्यात गेली. हे त्यांचंच वाक्य आहे, आणि ते अभिमानानं म्हणतात. रस्ता खणायचा, आत उतरायचं, शेकडो जोड्यांतली मेलेली एक जोडी हुडकायची आणि वर यायचं. यथावकाश आप्पा निवृत्त झाले. आमच्या गल्लीतले खड्डे अजून सेवेत आहेत.

इतरांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, तिथं आप्पांच्या टेस्टर असतो. एका लग्नात आहेराच्या पाकिटावर नाव लिहायला त्यांनी सवयीनं तोच काढला होता. मंडळाच्या आरतीत स्पीकर घोंघावायला लागला की आम्ही सगळे गणपतीकडं बघतो, आप्पा वायरीकडं. अशी माणसं गावोगाव आहेत. त्यांना लोक मेकॅनिक समजतात, ते साफ चूक. मेकॅनिकला वस्तू चालू झाली की आनंद होतो. आप्पांना फॉल्ट सापडला की आनंद होतो. वस्तू चालू झाली नाही तरी त्यांचं फारसं अडत नाही.

माझा स्टुडिओ कोल्हापुरात गुजरीच्या मागं, पहिल्या मजल्यावर आहे. दागिन्यांचे फोटो काढतो. कॅमेरा केबलनं कॉम्प्युटरला जोडलेला असतो, कारण सोन्यावरचा ओरखडा कॅमेऱ्याच्या मागच्या बोटभर काचेत दिसत नाही, मोठ्या पडद्यावर दिसतो. त्या दिवशी कोल्हापुरी साज होता. साजाला एकवीस पानं, त्यांतली दहा दशावतारांची. प्रत्येक पानाचा जवळून फोटो हवा आणि संध्याकाळी साज दुकानात परत हवा. सोबत शेठचा माणूस आला होता. त्याचं काम साजावर नजर ठेवणं एवढंच. तो पापणीसुद्धा एकेक मिटत असावा.

मत्स्य झाला. कूर्म झाला. वराहाला पडद्यावर पाटी आली : कॅमेरा सापडत नाही.

कॅमेरा समोर, डोळे वटारून उभा! केबल काढून घातली की सापडायचा आणि दोन मिनिटांत परत हरवायचा. आप्पांना फोन केला. "अर्थिंग बघितलंस काय?" मी म्हटलं, "आप्पा, थ्री पिनचं सॉकेट आहे." ते म्हणाले, "आलो जेवून."

तेवढ्यात मी घाबऱ्या माणसानं करायचं ते सगळं केलं. दुसरी केबल लावली, खाच बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कॅमेऱ्याचा अडाप्टर दुसऱ्या प्लगात खोचला, आणि अंबाबाईला हात जोडले. चालू झालं! वराह निघाला. एवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

"चालू झालं, आप्पा."

त्यांचा चेहरा पाहुणा न जेवता उठून गेल्यासारखा झाला. "कशानं?"

"कुणास ठाऊक. झालं हे बास."

"काय काय बदललास?"

मी यादी सांगितली. अंबाबाई गाळली.

"एकदम चार गोष्टी बदललास तर शिकलास काय? फॉल्ट गेला न्हाई, लपलाय. सगळं होतं तसं लाव."

चालू असलेलं काम मी माझ्या हातानं पुन्हा बिघडवायला घेतलं. शेठच्या माणसानं पहिल्यांदाच साजावरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. जुनी केबल लावली, जुनी खाच, जुना प्लग. आणि तरीही चालूच! नरसिंह निघाला, वामन निघाला. मला हायसं वाटलं, आप्पांना स्फुरण चढलं. "म्हंजे तुझ्या चारांतल्या एकानंबी काय झालं न्हवतं," म्हणत ते स्टूल ओढून दबा धरून बसले. अडीच वाजता परशुरामाला केबल तुटली, म्हणजे कॅमेरा परत हरवला, आणि आप्पांचा चेहरा उजळला. "आला बघ!"

मग त्यांनी पिशवीतनं खिशात मावेल एवढा जुना रेडिओ काढला. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे, जिथं काहीच लागत नाही तिथं काटा ठेवला आणि वैद्यानं नाडी बघावी तसा तो वायरीच्या कडेकडेनं फिरवायला लागले. कुठंही ठिणगी उडत असली की रेडिओ खरखरतो, हे मला माहीत होतं. पण त्या खरखरीला वास असल्यासारखं आप्पा नाक पुढं काढून चालत होते. भिंतीपाशी खर्र. बोर्डापाशी आणखी खर्र. कोपऱ्यातल्या खांबापाशी तर पापड तळल्यासारखा आवाज.

"खांबातनंच येणार की," शेठचा माणूस म्हणाला. "नरसिंह झाला न्हवं मघाशी."

दिवसभरात तो बोललेलं हे एकमेव वाक्य नव्हतं, दुसरं लगेच पुढं येतंय. खांबातून वायर तळमजल्यावर जात होती. आम्ही खाली उतरलो, तर तिथं सोनारांचा कारखाना. छताला टांगलेली छोटी मोटर, तिच्या लवचिक दांडीच्या टोकाला ब्रश, आणि बंगाली कारागीर दागिन्याला पॉलिश करत बसलेला. अशा मोटरच्या पोटात कार्बनचे तुकडे फिरत्या भागावर घासतात आणि ठिणग्या उडतात. ती सगळी घाण वायरीतनं वर, माझ्या कॅमेऱ्यापर्यंत. एक ते अडीच कारागीर जेवायला गेले होते, म्हणून माझे उपाय लागू पडले होते. अंबाबाईला उगाच श्रेय गेलं.

"तासभर मोटर बंद ठेवता का?" मी विचारलं. कारागिरानं हातातलं वर करून दाखवलं : साज.

"तोबी आमचाच," शेठचा माणूस जिन्यावरून म्हणाला. "उद्या लग्न हाय."

म्हणजे एका साजाला चमक येत होती म्हणून दुसऱ्याचा फोटो निघत नव्हता, आणि बिल दोन्हींचं एकाच शेठला जाणार होतं.

वर आल्यावर आप्पांनी मला जमिनीवर बसवून केबल शिकवली. आत चार तारा. लाल-काळी वीज नेते, हिरवी-पांढरी फोटो नेते, आणि ही दुसरी जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. बाहेरचा त्रास दोघींना सारखाच होतो आणि पलीकडं दोघींतला फरक तेवढाच मोजला जातो, म्हणून त्रास वजा होतो. "ग्रॅहॅम बेलनं १८८१ ला पेटंट घेतलंय ह्या पिळाचं. टेलिफोनसाठी!" हे त्यांनी असं सांगितलं, जणू बेल त्यांच्याच खात्यातला. घरातली वीज २३० व्होल्टची आणि या जोडीतलं बोलणं जेमतेम ४०० मिलिव्होल्टवर. हलगी-घुमक्याला खेटून बसायचं आणि कानात कुजबुजायचं, असला संसार. त्यात माझी केबल पाच मीटर, तिला पुढं जोडलेली आणखी तीन मीटर. पाच मीटरलाच या केबलची हद्द संपते.

"बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात कॅमेरा केला, त्यो का चालला सांग?"

"का?"

"केबल न्हवती त्याला."

आता पद्धत त्यांची. खाली मोटर चालू, वर एका वेळी एकच बदल, वहीत वेळ लिहायची. छोटी दीड मीटरची केबल लावली : तुटणं कमी झालं, थांबलं नाही. कॅमेऱ्याचा अडाप्टर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर आणले, कारण दोन ठिकाणच्या विजेवर लटकलेली केबल म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. आणखी कमी झालं. मग आप्पांनी चपला काढल्या, फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याला हाताची मागची बाजू हळूच टेकवली.

"झिणझिण्या येतात न्हवं तुला?"

येत होत्या. वर्षभर येत होत्या. मी त्या वयावर ढकलल्या होत्या. मीटर लावला तर पत्र्यावर शंभराच्या वर व्होल्ट. जीव घेण्याएवढा जोर त्यात नसतो, पण वाट मिळेल तिकडं पळायची खोड असते, आणि त्याला वाट होती माझ्या केबलची. मेन बंद करून आप्पांनी सॉकेट उघडलं. वरच्या मोठ्या भोकाला तारच नव्हती. हिरवी तार मागं डबीत होती, नीट घडी घालून, टेप गुंडाळून, ठेवणीतल्या लुगड्यासारखी.

"तीन भोकं म्हंजे तीन तारा न्हवं," एवढंच ते बोलले. सकाळी फोनवर काय विचारलं होतं याची आठवण त्यांनी करून दिली नाही. ते जास्त लागलं.

तार जोडली, दुसऱ्या टोकाला तिचं अर्थिंग खरंच जमिनीत जातंय ना ते तपासलं. केबलच्या टोकाशी फेराइटचा काळा गोळा अडकवला, लॅपटॉपच्या चार्जरला असतो तसला. रेडिओ खरखरतच होता, खाली मोटर फिरतच होती, आणि केबल तुटत नव्हती. परशुराम, राम, कृष्ण, सगळे ओळीनं निघाले. कल्कीला आठ वाजले. उरलेली अकरा पानं नऊपर्यंत झाली आणि शेठच्या माणसानं साज मोजून डबीत ठेवला.

आप्पांनी पैसे घेतले नाहीत. आठ मीटरची ती केबल तेवढी घेतली, गुंडाळून, वर तारखेची चिठ्ठी लावून. त्यांच्या कपाटात अशा बऱ्याच आहेत. मंगळवार पेठेपर्यंत ही हकिकत पोचली असून तीत मोटर आता पाच हॉर्सपॉवरची झाली आहे.

परवा दुपारी केबल एकदा तुटली. एकदाच, आणि लगेच जोडली गेली. मी काहीही बदललं नाही, कुणाला बोललोही नाही. पुढच्या आठवड्यात तीन दुकानांचं काम आहे. तेव्हा गुजरीकडं आलात आणि खिशाला टेस्टर लावलेले गृहस्थ भेटले, तर स्टुडिओत सगळं व्यवस्थित चाललंय एवढंच सांगा.