सहकार्य, आवक क्रमांकासह

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५पासून पाळला जातो. १ ते १९ वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची गोळी, सोबत हात धुण्याचा धडा. धडा देणारे आम्ही स्वयंसेवक. बाकी सगळे ‘भागीदार’. मुख्याध्यापक म्हणतात, वरून पत्र आलेलं नाही. पत्र दाखवलं, तर त्यावर आवक क्रमांक नाही. ग्रामपंचायतीने बॅनर झोकात लावला. शाळेच्या नळाला पाणी पुढच्या ठरावात. सदस्यसाहेब फोटोपुरते आले, जाताना साबणही घेऊन गेले. त्यामानाने अंकुशकृमी फार शिस्तीचा. अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरायला त्याला ना पत्र लागतं, ना कोरम, ना सही. बैठकीचा चहाही मागत नाही. पुढच्या वर्षी भागीदारांच्या यादीत त्याचंच नाव सुचवावं म्हणतो.