पडलेल्या भिंतींची निगा

फाल्त्सच्या जंगलात ज्या टेकडीवर किल्ला नाही, तिच्याकडे लोक जरा कीव आल्यासारखे बघतात. जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या सीमेला खेटून हा प्रदेश आहे. पूर्वेच्या उतारावर द्राक्षमळे, मागे मैलोन्‌मैल जंगल आणि जंगलातून मध्येच वर आलेले तांबड्या वालुकाश्माचे कडे. कडा दिसला की बाराव्या-तेराव्या शतकातल्या कुठल्या तरी सरदाराने त्यावर घर थाटलंच म्हणून समजा. आज त्यातली बहुतेक घरं पडलेली आहेत.

मराठी माणूस गडावर पोचला की धाप ओसरायच्या आत विचारतो, "इथं लढाई कोणती झाली?" सह्याद्रीने आपल्याला तशी सवयच लावली आहे. किल्ला पडायचा तर वेढा हवा, फितुरी हवी, गेलाबाजार दारूच्या कोठारावर पडलेला तोफगोळा तरी हवा. फाल्त्समध्ये या प्रश्नाला मिळणारी उत्तरं मन खट्टू करतात. ट्रिफेल्सवर १६०२ साली वीज पडली. लिंडेलब्रुन १५२५ च्या बंडात शेतकऱ्यांनी जाळला, आणि तो कुणी पुन्हा बांधला नाही. ग्रेफेनश्टाइनचा सात कोनांचा बुरूज बघून छाती दडपते, पण हा किल्ला १६३५ मध्ये सम्राटाच्या सैनिकांच्या हातून चुकून पेटला. शत्रू बिचारा तिथे नव्हताच.

शत्रूनेही काही कमी केलं नाही म्हणा. १६८८ मध्ये चौदाव्या लुईने फाल्त्सच्या वारशावर हक्क सांगून फौजा घुसवल्या आणि माघारी जाताना गावं, किल्ले, जे दिसेल ते जाळलं. त्या मोहिमेतला सेनापती मेलाक इतका बदनाम झाला की पुढे लोक आपल्या कुत्र्यांना त्याचं नाव ठेवू लागले. सूड घ्यायची ही रीत मला फारच आवडली. खर्च नाही, रक्तपात नाही, आणि रोज संध्याकाळी सेनापतीला 'बस खाली' म्हणून दरडावताही येतं.

पण इथले सरदार शत्रूची वाट बघत बसणारे नव्हते. शेजारी होते ना! बेरवार्टश्टाइनचा हान्स फॉन ट्रोथा हा त्यातला मेरुमणी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याचं वायसेनबुर्गच्या मठाधिपतीशी वाजलं. किल्ला आमच्या मठाचा, असं मठाधिपतीचं म्हणणं. हान्सने वाद घालण्यात वेळ दवडला नाही. त्याने सरळ नदीला बांध घातला आणि खालच्या वायसेनबुर्गचं पाणी तोडलं. मठाधिपतीने तक्रार केली तेव्हा त्याने आज्ञाधारकपणे बांध फोडला, एकदम. कोरडं पडलेलं गाव पुरात गेलं. पाणी हवं होतं ना, घ्या! प्रकरण थेट रोमपर्यंत पोचलं आणि हान्सला धर्मबहिष्कृत करण्यात आलं. सीमेपलीकडच्या अल्सासमध्ये तो अजून 'हान्स ट्राप' म्हणून नाताळच्या दिवसांत येतो आणि व्रात्य पोरांना घाबरवतो. पाचशे वर्षं झाली, पाण्याचं भांडण कधीच मिटलं, बागुलबुवाची नोकरी मात्र चालू आहे.

शेजाऱ्यांशी भांडून दमलेल्यांसाठी घरातली भांडणं होतीच. एकाच किल्ल्यात अनेक घराण्यांची हिस्सेदारी असायची. सामाईक वाड्यात मोरी कुणाची आणि जिना कुणाचा यावरून तीन पिढ्या कशा बोलत नाहीत हे ज्याने बघितलंय, त्याला या व्यवस्थेचा नकाशा काढून दाखवावा लागत नाही. फरक एवढाच की इथे हिस्सेदार आधीच लेखी करार करत: दरवाजे कुणी राखायचे, डागडुजीचे पैसे कुणी किती भरायचे आणि मुख्य म्हणजे तटाच्या आत एकमेकांवर शस्त्र उपसायचं नाही. बाहेर मात्र ज्याचा तो मुखत्यार, आणि तिथेच घात व्हायचा. ड्राखेनफेल्सच्या अनेक मालकांपैकी एक होता फ्रान्स फॉन सिकिंगेन. त्याने तीन बड्या सत्ताधीशांशी वैर घेतलं. १५२३ मध्ये तो स्वतःच्या दुसऱ्या किल्ल्यात तोफांच्या माऱ्याने जखमी होऊन मेला, आणि त्याचा वाटा होता म्हणून ड्राखेनफेल्सही उद्ध्वस्त करण्यात आला. बाकीच्या हिस्सेदारांनी 'आमचं काय चुकलं' असं नक्की विचारलं असेल. भाऊबंदकीत हा प्रश्न विचारायचा असतो, उत्तराची अपेक्षा धरायची नसते.

आता ड्राखेनफेल्सवर उरल्यात त्या खडकात कोरलेल्या पायऱ्या आणि तुळया बसवायच्या चौकोनी खोबणी. लाकडी मजले गेले, भांडणारे गेले, खोबणी राहिल्या. आणि त्यांची राखण किती निगुतीने चाललेली असते! पडलेल्या भिंतीच्या माथ्यावर चुन्याचा थर असतो, कारण सांध्यांत मुरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि दगड सुटतो. मुळं भिंत फोडतात म्हणून झुडपं वेळच्या वेळी काढतात. कठडे पक्के असतात. जागोजागी पाट्या: हे स्वयंपाकघर, हे टाकं, इथून पुढे धोका. सात शतकांपूर्वी जे कोसळू नये म्हणून कुणी एवढी काळजी घेतली नसेल, ते आणखी कोसळू नये म्हणून आज घेतली जाते. म्हणजे पडझडीला हरकत नाही. ती ठरवून दिलेल्या रेषेपुढे सरकता कामा नये.

हक्काचा रहिवासी आता एकच, बहिरी ससाणा. वसंतात त्याची घरटी असलेल्या कड्यांवर चढायला मनाई असते, आणि लोक ती पाळतात. सरदारांना उंच तट आणि खोल खंदक घालून जे साधलं नाही, ते या पक्ष्याने एका पाटीवर साधलंय.

मग मनात येतं, एवढा जीव आहे तर किल्ले पुन्हा बांधत का नाहीत? याचं उत्तर अनवायलर गावाच्या डोक्यावर उभं आहे. ट्रिफेल्स हा इथल्या किल्ल्यांचा राजा. साम्राज्याचा मुकुट आणि राजचिन्हं मध्ययुगात इथे ठेवलेली असत. आज खरी व्हिएन्नात आहेत आणि इथे त्यांच्या प्रतिकृती. इंग्लंडचा रिचर्ड, तो सिंहहृदयी म्हणतात तो, ११९३ च्या वसंतात इथे कैदेत होता. त्याच्या सुटकेची किंमत दीड लाख मार्क चांदी ठरली. ब्लोंडेल नावाचा गवई तटाखाली गाणी म्हणत हिंडला आणि आतून राजाने कडवं पुरं केलं, अशी आख्यायिका आहे. तीच आख्यायिका ऑस्ट्रियातला ड्युर्नश्टाइनही स्वतःची म्हणून सांगतो. एका राजाला दोन किल्ल्यांवर तेच गाणं म्हणावं लागलं, असं मानलं की दोन्हीकडचं तिकीट वसूल होतं.

तर हा ट्रिफेल्स वीज पडल्यावर तीन शतकं सुखाने पडून होता. १९३८ मध्ये नाझी राजवटीला त्याचं पावन तीर्थ करायचं सुचलं. वास्तुविशारद रुडोल्फ एस्टरर यांनी इथे कधीच नव्हता असा भव्य दरबार उभा केला. बघणारा प्रभावित होतो. जुना, भारदस्त, मध्ययुगीन वाटावा असा तो सजवलाय, आणि त्याचं वय माझ्या आजोबांपेक्षा कमी आहे. मोडक्या ड्राखेनफेल्समध्ये काय नाही ते स्पष्ट दिसतं. सजलेल्या ट्रिफेल्समध्ये काय नव्हतं ते पुस्तक उघडून शोधावं लागतं.

पडक्या जागा फुकट जात नाहीत हेही इथेच बघायला मिळालं. १६८८ मध्ये जळालेला हामबाख किल्ला तसाच पडून होता. २७ मे १८३२ रोजी वीस ते तीस हजार माणसं काळा-लाल-सोनेरी झेंडा घेऊन तिथे चढली आणि त्यांनी एक जर्मनी, स्वातंत्र्य आणि लोकांचं राज्य मागितलं. राजकीय सभांना बंदी होती, म्हणून नाव दिलं होतं उत्सवाचं. दहा वर्षांनी तोच किल्ला बव्हेरियाच्या युवराजाला लग्नाची भेट म्हणून देण्यात आला. त्याने राजवाड्याचं काम काढलं, पण १८४९ च्या उठावाने ते अर्धवट राहिलं. तो झेंडा मात्र आज देशाचा झालाय.

या भागात किल्ला उतरला की जंगलातली हुट्टं, म्हणजे भटक्यांची खानावळ, गाठायची. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या फाल्त्सच्या वनविहार संघाने वाटा आखल्या, झाडांवर रंगीत पट्टे रंगवले, अशा खानावळीही चालवल्या. अर्ध्या लिटरच्या खळगेदार पेल्यात वाइन आणि सोडा येतो. डुकराच्या पोटात बटाटा-मांस भरून केलेला साउमागेन येतो. चान्सलर हेल्मुट कोल परदेशी पाहुण्यांना तो आवर्जून खाऊ घालत, आणि त्या काळात राजनीतीत धैर्य लागत असे. शाकाहाऱ्याला मऊ पांढरं चीज, कांदा आणि पाव मिळतो. लांब बाकावर अनोळखी माणसं खेटून बसतात, आणि ट्रोथाची गोष्ट सगळ्यांना थोडी वेगवेगळी ठाऊक असते.

शेजारच्या बाकावर बऱ्याचदा फ्रेंच बोलणारं कुटुंब असतं. वेगेल्नबुर्ग हा ५७२ मीटरवरचा, या प्रदेशातला सगळ्यात उंच किल्ला. तिथून जंगलातून चालत गेलं की फ्रान्समधला होहेनबुर्ग लागतो. मध्ये सीमा येते. तिथे एक जुना दगड आहे, पहारा नाही. ज्या रेषेपायी लुईने हे सगळं पेटवलं, ती आज पाव खात खात ओलांडता येते. एवढ्या निगेने जपलेले हे तट पुन्हा उभे का करत नाहीत, याचं सरळ कारण मला वाटतं हेच असावं: बांधायला दगड आहेत, पैसे आहेत, हौसही आहे, फक्त कुणाविरुद्ध बांधायचे ते कुणाला सांगता येत नाही.