सात रस्त्यांपैकी माळढोकाचा

मेव्हणा नेवाडात राहतो. दर रविवारी तो तिथल्या वाळवंटाचे फोटो पाठवतो. रिकामा रस्ता, करडी झुडपं आणि गाडीला टेकलेला स्वतः मेव्हणा. खाली एकच ओळ: 'निसर्ग!' असला निसर्ग उत्तर सोलापूर तालुक्यात पोत्यानं पडलाय, म्हणून थंडीतल्या एका सकाळी आम्ही नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी बघायला निघालो.

जमायचं ठिकाण सात रस्ता. सोलापुरात भेटायचं म्हटलं की सात रस्ता ठरतो, पण कुठला कोपरा ते कुणी ठरवत नाही. त्यामुळे अंधारात पाच जण पाच कोपऱ्यांवर उभे राहून फोनवर ओरडत होते, "कुठं हाईस बे?" "सात रस्त्यालाच की!" सगळेच खरं बोलत होते. रिक्षावाल्यांना आम्ही रात्रीच्या बसनं आलेले पाहुणे वाटलो. "अक्कलकोट का, साहेब?" असं विचारत एक जण बराच वेळ मागं होता.

नेवाडानं १९३१ साली जुगार कायदेशीर केला. महाराष्ट्रानंही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ साली रद्द करून टाकला. मधल्या मधे १९७९ साली माळढोक अभयारण्य मात्र काढलं. खरा जुगार तिथं चालतो. पहाटे उठायचं, पेट्रोल लावायचं आणि पक्षी लागतो का बघायचं.

हे अभयारण्य आधी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. गावं, बाजार, ऊस, सगळं त्यात आलं. एका पक्ष्याच्या घरात एवढे भाडेकरू, आणि पक्ष्याला पत्ता नाही! जमिनीचे व्यवहार अडकले, लोक वैतागले. शेवटी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं मान्यता दिल्यावर ते १,२२२ वर आलं. माळढोक त्याच्या कितीतरी आधीपासूनच आटत चालला होता.

बार्शी रस्त्यानं नान्नजला पोचलो. काळविटांचा कळप समोरून उड्या मारत गेला. हक्काचं दिसणारं जनावर, म्हणून कुणी फारशी दाद दिली नाही. माळढोक मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. एवढा पक्षी उघड्या माळावर लपतो तरी कसा? दुर्बीणवाला दोनदा "तो बघ!" म्हणून ओरडला. एकदा तो सिमेंटचा खांब निघाला, एकदा डोक्यावर घागर घेतलेल्या मावशी. मावशींनी आमच्याकडं असं बघितलं, की दुर्मिळ प्राणी आम्हीच.

शेळ्या राखणारे एक मामा भेटले.

"माळढोक? आत्ताच बसला हुता की बांधावर."

"आत्ता म्हणजे?"

"नागपंचमीला."

मामांचीच पलीकडं मालदांडी ज्वारी उभी होती. परतीचा पाऊस जमिनीत जेवढा मुरेल, तेवढ्या ओलीवर अख्खं पीक लावायचं आणि बसायचं. असा डाव लावणारा माणूस लास वेगासला गेला तर कॅसिनोवाले घाबरून दार लावतील. मामांनी आगटी पेटवली, कणसं भाजली, हातावर चोळून हुरडा पुढं केला. आम्ही पिशवीतून शेंगाचटणी काढली.

दुसरा घाणा निघाला तेवढ्यात मामा बांधाकडं बोट दाखवून म्हणाले, "त्यो बघा, काय की उंच उंच चाललंय."

"थांबा ओ मामा," दुर्बीणवाला चटणीकडं हात लांबवत म्हणाला, "हुरडा गार होतोय."