अंतिम भागाचे प्रमाणशास्त्र

दैनंदिन मालिका, म्हणजे सोमवार ते शनिवार रोज रात्री ठरलेल्या वेळी वीस-बावीस मिनिटे कथा आणि उरलेल्या आठ-दहा मिनिटांत साबण, मसाले व सोने दाखवणारा कार्यक्रम, हा मराठीतील असा वाङ्मयप्रकार आहे की ज्याचा शेवट लेखकाला सुचण्याच्या कितीतरी आधी प्रेक्षकांनी ठरवलेला असतो. नायिकेला न्याय केव्हा मिळेल, खलनायिकेचे पितळ कोणत्या सणाच्या दिवशी उघडे पडेल, दरीत कोसळलेला नवरा कोणाच्या झोपडीत शुद्धीवर येईल आणि तेव्हा त्याला स्वतःचे नाव आठवेल की नाही, या प्रश्नांवर महाराष्ट्रात भाजी निवडताना, लोकलच्या महिला डब्यात आणि सरकारी कचेऱ्यांतील जेवणाच्या सुट्टीत (जी कधीकधी याच कारणाने लांबते) जे चिंतन चालते, ते काटेकोरपणात कोणत्याही विद्यापीठीय चर्चासत्राला हार जाणारे नाही. तरीही या चिंतनाला शास्त्राचा दर्जा मिळालेला नाही. त्याचे कारण असे सांगितले जाते की त्यातील भाकिते बहुधा चुकतात. परंतु हा आक्षेप मान्य केला तर अर्थशास्त्रालाही गाशा गुंडाळावा लागेल.

भारतीय न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची, म्हणजे प्रमेची, चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मालिकांच्या भविष्यवेत्त्यांनी न्यायसूत्रे वाचली असण्याचा संभव कमी असला, तरी त्यांची विचारपद्धती याच चार वाटांनी जाते, आणि चारही वाटांवर तिला सारखाच चकवा लागतो.

प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले, हे अन्य शास्त्रांत सर्वांत बळकट प्रमाण असते. मालिकांत ते सर्वांत दुबळे ठरते. मेलेले पात्र मेले आहे असे समजण्याची चूक २००१ साली देशाने एकदा करून पाहिली आहे. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या हिंदी मालिकेत नायिका तुलसीचा नवरा मिहिर विराणी मरण पावल्याचे दाखवण्यात आले, तेव्हा प्रेक्षकांनी असा आकांत मांडला की त्याला परत आणावे लागले. पुढे त्या पात्राचे नट दोनदा बदलले, तरी घरच्या कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. मराठीत या सिद्धान्ताचा कळस ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने गाठला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या तिच्या पहिल्या पर्वाचा आरंभच कोकणातील नाईकांच्या वाड्यात कुटुंबप्रमुख अण्णांच्या मृत्यूने होतो, आणि पुढचे आठ महिने वाड्यावर जे घडत होते त्यामागे भूत आहे की भाऊबंद, यावर महाराष्ट्राची दोन गटांत विभागणी झाली होती, ज्यांत कोकणातील जमिनीचे दावे जवळून पाहिलेल्यांचा कल अर्थातच भाऊबंदांकडे होता. जानेवारी २०१९ मध्ये आलेले दुसरे पर्व हे पूर्वकथा होते, म्हणजे त्यात अण्णांचे पहिल्या पर्वाआधीचे आयुष्य दाखवले होते. त्यामुळे अण्णांचा शेवट काय होतो हे तीन वर्षांपूर्वीच सर्वांनी पाहिलेले असूनही, अण्णांचे आता पुढे काय होणार, ही काळजी प्रेक्षकांनी दीड वर्ष तितक्याच निष्ठेने वाहिली. २०२१ मध्ये तिसरे पर्व आले आणि अण्णा भूत होऊन हजर झाले. भिंतीवरच्या तसबिरीला हार चढला की पात्र संपले, असा जुना नियम होता; अण्णांनंतर तो हार म्हणजे पुढच्या पर्वासाठी भरलेली अनामत रक्कम मानणे अधिक सुरक्षित आहे.

अनुमानाची इमारत व्याप्तीवर उभी असते. व्याप्ती म्हणजे धूर तेथे अग्नी यासारखा कधीही न तुटणारा साहचर्याचा नियम. अनुभवी प्रेक्षकांनी अशा अनेक व्याप्ती सिद्ध केल्या आहेत. जेथे देह सापडलेला नसतो, तेथे पात्र जिवंत असते. जेथे पात्राला एकाएकी परदेशात नोकरी लागते, तेथे नटाला नाटक मिळालेले असते. जेथे नायकाने दाढी उतरवली, तेथे लीप जवळ आलेला असतो. लीप म्हणजे कथानकाने मारलेली पाच-सात वर्षांची उडी, जिच्यात रांगणारी मुले थेट शाळेत जाऊ लागतात आणि आईच्या कानाशी एक पांढरी बट तेवढी येते. हे नियम बरेचसे खरे ठरतात, आणि मौज अशी की त्यांतील एकाचाही कथेशी संबंध नसतो. ज्यांनी उलट सर्व घटनांचा उगम कथेतच शोधला, त्यांची एप्रिल २०२१ मध्ये मोठी फसगत झाली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्र शासनाने चित्रीकरणावर बंदी घातली, अनेक मराठी मालिकांचे संच गोवा, दमण, सिल्वासा अशा ठिकाणी हलले, आणि वर्षानुवर्षे दिवाणखान्याचा उंबरठा न ओलांडलेली कुटुंबे आपापली भांडणे सोबत घेऊन एकाच आठवड्यात रिसॉर्टच्या हिरवळीवर दिसू लागली. हवापालटाने सासूचे मन पालटेल, हा तर्क कथेच्या दृष्टीने निर्दोष होता. पण मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या काढून घेतल्या आणि मन पालटण्याआधीच मुक्काम हलवण्याची वेळ आली. कारणासारखे दिसते पण कारण नसते, अशा हेतूला न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणतात; त्याचे इतके सुबक उदाहरण जुन्या टीकाकारांनाही सापडले नसते.

कालगणनेत आणि वैद्यकात मात्र प्रेक्षक हा कथेतील पात्रांच्या पुढे असतो. ‘होणार सून मी ह्या घरची’ या २०१३ ते २०१६ या काळात चाललेल्या मालिकेत नायिका जान्हवीचे दिवस असे लांबले की नऊ महिन्यांचा निसर्गनियम केव्हाच मागे पडला, आणि तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे श्रीच्या, घरातील अर्धा डझन सासवा निर्धास्त असताना तिच्याशी काही नातेगोते नसलेली माणसे बोटांवर महिने मोजत बसली. नाट्यशास्त्रातील पाच संधींपैकी गर्भसंधी, म्हणजे फलाचे बीज दिसते न दिसते अशी मधली अवस्था, इतकी शब्दशः घेतल्याचे दुसरे उदाहरण संस्कृत नाटकांत नाही. ‘रंग माझा वेगळा’ मधील नायक कार्तिक पेशाने डॉक्टर असूनही बायकोच्या पोटातील अपत्याविषयी संशय धरून बसला, तेव्हा संशयनिवृत्तीसाठी डीएनए चाचणी नावाची सोय जगात उपलब्ध आहे, हे बराच काळ त्याच्याखेरीज साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होते.

तिसरे प्रमाण उपमान, म्हणजे सादृश्यावरून होणारे ज्ञान, आणि या शाखेतील अभ्यासक सर्वांत विद्वान होत. ज्या पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्या शहराच्या परंपरेला साजेल अशी पाठचिकित्सा आज मराठी मालिकांच्या वाट्याला येते. स्टार प्रवाह वाहिनीवरील ‘आई कुठे काय करते’ ही मालिका २३ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली, आणि ती ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवर आधारलेली असल्याचे कळताच नायिका अरुंधतीच्या भवितव्याविषयी आस्था असलेल्या मंडळींनी, बंगालीचा एक शब्दही येत नसताना, मूळ संहितेकडे धाव घेतली. बंगाली मालिका मराठीपेक्षा साधारण सहा महिने पुढे होती. जुलै २०२० पासून ‘अनुपमा’ हा हिंदी पाठही उपलब्ध झाला. आता तीन पाठ हाताशी आल्यावर, तिला फसवणाऱ्या नवऱ्याला, अनिरुद्धाला, पश्चात्ताप किती होईल आणि तो खरा असेल की नवा डाव असेल, याचा निर्णय पाठभेद ताडून करणे शक्य व्हायला हवे होते. अडचण अशी झाली की मूळ संहिता डिसेंबर २०२१ मध्येच संपली, आणि मराठी पाठ मात्र ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, मुळाशिवाय वाढत राहिला. महाभारतात प्रक्षेप शिरले त्याला शतके लागली. येथे प्रक्षेप रोज ठरल्या वेळी शिरत होता. या मुक्त काळात अरुंधतीचे आशुतोषशी लग्न झाले आणि आशुतोष अपघातात गेला. पंचवीस वर्षे संसार करून मग फसवणूक सोसलेल्या बाईला उतारवयात मिळालेले सुख टिकावे, अशी सर्वांची इच्छा होती. ते टिकणार नाही, असे भाकीत करणारेही होते, आणि त्यांची दूरदृष्टी खरी ठरल्यावर त्यांनी त्याचा आनंद न मानता निर्मात्यांनाच दोष दिला. ज्योतिषाच्या व्यवसायात असा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे.

राहिले शब्दप्रमाण, म्हणजे आप्तवाक्य. आप्त म्हणजे ज्याला सत्य ठाऊक आहे आणि जो ते जसेच्या तसे सांगतो अशी व्यक्ती, आणि नेमकी हीच व्यक्ती मालिकेच्या संचावर सापडत नाही. नटाला विचारावे, तर तो मुलाखतीत लवकरच एक मोठे वळण येणार असल्याचे सांगतो, आणि त्यालाही ते तेवढेच ठाऊक असते, कारण त्याच्या हाती दृश्याचे कागद अनेकदा चित्रीकरणाच्या दिवशीच पडतात. लेखकाला विचारावे, तर श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांची नावे वेगवेगळी असतात. वाहिनीला विचारावे, तर ती गुरुवारकडे बोट दाखवते. गुरुवारी टीआरपी येतो. टीआरपी म्हणजे कोणता कार्यक्रम किती लोकांनी किती वेळ पाहिला याचा निर्देशांक, जो बार्क ही संस्था देशभरातील निवडक घरांतील दूरचित्रवाणी संचांना जोडलेल्या मापकांवरून दर आठवड्याला काढते. ही घरे कोणाची हे गुप्त असते, परंतु नायिकेचे सौभाग्य, खलनायिकेचा तुरुंगवास आणि आजोबांचे हृदय यांचे भवितव्य त्याच घरांतील कोणी जाहिरातीच्या वेळी वाहिनी बदलली यावर ठरते. कर्मसिद्धान्त असे सांगतो की माणूस आपल्या कर्माची फळे भोगतो. मालिकेतील पात्रे दुसऱ्याच्या रिमोटची फळे भोगतात.

अशा स्थितीत प्रेक्षकांच्या भाकितांना वेडगळ ठरवणारे जे सुशिक्षित गृहस्थ बातम्यांसाठी वाहिनी बदलण्याची वाट पाहत बाजूच्या खुर्चीत बसलेले असतात आणि तरीही नायिकेच्या कंपनीची उलाढाल बरोबर सांगतात, त्यांच्या भूमिकेचा पुनर्विचार व्हायला हवा. कार्यकारणभावावर विश्वास असलेला मालिकाव्यवहारातील एकमेव घटक म्हणजे प्रेक्षक होय. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेने ऑगस्ट २०१६ पासून मार्च २०२१ पर्यंत बायकोला फसवणाऱ्या गुरुनाथाला अद्दल घडवण्याचे काम चालवले. तेवढ्या काळात त्याची प्रेयसी शनाया हिचे काम रसिका सुनील यांच्याकडून ईशा केसकर यांच्याकडे गेले आणि पुन्हा रसिका सुनील यांच्याकडे आले, त्याची नागपूरची बायको राधिका मसाल्याच्या व्यवसायात शेकडो कोटींच्या घरात पोचली, आणि चेहरा बदललेली शनाया ओळखण्यात गुरुनाथाने एकदाही चूक केली नाही. या पापाला ही शिक्षा, या सोसण्याला हे फळ, असा हिशेब साडेचार वर्षे सांभाळण्याचे काम प्रेक्षकांनी केले. कोणी कोणाला कोणत्या गणपतीत काय बोलले, दागिन्यांचा डबा कोणत्या कपाटात होता आणि खुनाच्या रात्री जिन्यावर कोणाची पैंजणे वाजली होती, हे संचावर कोणी विसरले तरी प्रेक्षक विसरत नाही. त्याचे भाकीत चुकते ते तर्क कच्चा असल्यामुळे नव्हे, तर ज्या कथेविषयी तर्क चालला आहे तिला पुढच्या गुरुवारपलीकडे भविष्यच नसल्यामुळे.

शेवट येतो तेव्हा तो असा येतो की कोणत्याही प्रमाणाची गरज उरू नये. ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेने नावातील मुदत मनावर न घेता २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग घेतले, परंतु सामान्यतः एखादी मालिका बंद करण्याचा निर्णय संचावर पोचल्यानंतर हाती राहतात ते मोजके आठवडे, आणि वर्षानुवर्षे गुंतत गेलेला गुंता तेवढ्यात सोडवायचा असतो. मग स्मृती परत येते, मृत्युपत्र सापडते, पोलीस वेळेवर पोचतात, आणि आठशे भाग विष कालवणारी काकू दोन भागांत गहिवरून सर्वांच्या पाया पडते व लगेच घरच्या सामूहिक छायाचित्रात मधोमध उभी राहते. ज्या प्रेक्षकांनी तिला जन्मठेप ठोठावली होती, त्यांना त्या छायाचित्रावर समाधान मानावे लागते. नाट्यशास्त्रात या अवस्थेला निर्वहणसंधी म्हणतात आणि तीत आधीच्या सर्व धाग्यांची उचित जुळणी अपेक्षित असते. आठवड्याला सहा भागांच्या वेगाने ती कशी करावी, याविषयी भरतमुनी मौन बाळगतात.

ज्यांना आपल्या आवडत्या पात्राचा शेवट खरोखरच आधी कळून घ्यायचा असेल, त्यांनी कथा, मुलाखती, बंगाली मूळ आणि नायकाची दाढी यांकडे लक्ष देणे सोडावे. त्याच वाहिनीवर एखाद्या नव्या मालिकेची झलक सुरू झाली की तिच्यातील नवी सून कोण, याकडे न पाहता शेवटी येणारी वेळ तेवढी वाचावी. ती आपल्याच मालिकेची असेल, आणि आपल्या मालिकेला दुसरी वेळ दिल्याची सूचना कोठे नसेल, तर तुरुंगातून सुटणारे, कोमातून उठणारे आणि परदेशातून परतणारे सर्वजण येत्या पंधरवड्यात सत्यनारायणाला घरी असतील.