रद्दीच्या आधीचं घर

नागोठण्यात नुसतं ‘कंपनी’ म्हटलं की पेट्रोकेमिकलचा कारखाना समजायचा. आधी आयपीसीएलचा, पुढे रिलायन्सचा. या कंपनीने गावाला रिटायर झालेल्या काकांची एक जमातच दिली. त्यातले काही पहाटे हायवेच्या कडेने झपाझप चालतात, काही प्लॉटच्या व्यवहारात हात घालतात आणि एखादा, घरच्यांच्या दुर्दैवाने, पुस्तकं गोळा करायला लागतो. आमच्या आळीतला तो एखादा म्हणजे पुस्तककाका.

काकांची नोकरी शिफ्टमध्ये गेली, त्यामुळे घरात थाटलेलं त्यांचं वाचनालयही प्लांटसारखंच चालतं. पुस्तक नेणाऱ्याची लॉगबुकात सही, आवक-जावकचे वेगळे रकाने, वेळ चोवीस तासांच्या हिशेबाने. ‘१८.४०, ययाती, सुस्थितीत, पान ३२वर चहा.’ मी एकदा पुस्तक दोन दिवस उशिरा दिलं, तर कारण लिहून मागितलं.

पुस्तकं मिळायला मात्र कष्ट पडत नाहीत. दिवाळीच्या साफसफाईला सुरुवात झाली की फोन सुरू. ‘काका, थोडी चांगली पुस्तकं आहेत, माळ्यावर पडलीत.’ या वाक्यातला ‘माळा’ खरा आणि ‘चांगली’ म्हणजे शिष्टाचार. पोत्यातून निघतात दहावीची जुनी गाईडं, विमा कंपनीच्या कोऱ्या डायऱ्या, अर्धं सोडवलेलं शब्दकोडं असलेले दिवाळी अंक आणि कुठल्या तरी कादंबरीचा खंड दुसरा. पहिला कुठे गेला असं विचारायचं नसतं, देणारे दुखावतात.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा त्यातला एक. काका तो येता-जाता ऐकवतात. रंगनाथनांच्या पुढ्यात कुणी बदललेल्या अभ्यासक्रमाचं गाईड ठेवलं नव्हतं, एवढंच. पण काकांच्या तोंडून ‘नको’ निघत नाही. रिक्षाचं भाडंही तेच देतात. काकू म्हणतात, ‘रद्दीवाला निदान पैसे तरी देतो. तुमचं घर त्याच्या एक घर अलीकडे, म्हणून लोक दमून इथेच टाकतात.’

पावसाळ्यात अंबा नदी बाजारात डोकावून जाते, म्हणून पुस्तकांची मांडणी लेखकवार नाही, पाण्याच्या पातळीवार आहे. सगळ्यात खाली गाईडं आणि डायऱ्या, मध्ये आरोग्य आणि भविष्य, पु. ल. आणि जी. ए. छताला टेकलेले. दरवर्षी पाणी पायरीपर्यंत येतं आणि नेमकं परत फिरतं. तेव्हा काकूंचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

साक्षरतेचं वेड नंतरचं. मुरबाडकडच्या फांगणे गावात २०१६च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठी उलटलेल्या बायका गुलाबी नऊवारीत पाटी घेऊन बसल्या. ती बातमी काकांनी कापून लॅमिनेट केली. गुलाबी नऊवारींना पैसे कोण देणार, असं काकूंनी विचारलं आणि नऊवारीचा विषय तिथेच मिटला. शाळेचा मिटला नाही. केंद्राच्या उल्लास कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना शिकवायला स्वयंसेवक लागतात आणि त्यांना मानधन नसतं. बिनपैशाचं काम म्हटल्यावर काका थांबणार कसे? गेले थेट कातकरवाडीवर.

वाडीचं वेळापत्रक काकांच्या शिफ्टहून कडक निघालं. जुलैत लावणी, दिवाळी झाली की बिऱ्हाडं वीटभट्टीवर, परत येणं पावसाच्या तोंडावर. उल्लासची परीक्षा मार्चमध्ये, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास गुण. मार्चमध्ये वाडीत उरतात कोंबड्या आणि भट्टीवर न झेपणाऱ्या म्हाताऱ्या. त्यातलीच एक आजी काकांची पट्टशिष्या. काकांनी पहिल्या दिवशी फळ्यावर ‘कमळ’ काढलं. आजी म्हणाली, ‘कमळाचं काय करू, गुरुजी? आधी आकडे शिकवा. मुकादमाच्या वहीत पोराच्या नावावर उचल किती मांडली, ती मला दिसाया पाहिजे.’ काकांनी कमळ पुसलं. जन्मात पहिल्यांदा कुणी ‘गुरुजी’ म्हटलं होतं. त्या भरात वजाबाकीसुद्धा पंधरवड्यात उरकली.

मग अक्षरं. एका रविवारी काकांनी ‘मृत्युंजय’ नेलं. पुढे एवढं जाड वाचायचंय, हे दाखवायला. पिशवी उचलायला मी होतो. आजीने पुस्तकाचं वजन हातात घेऊन पाहिलं, पहिलं पान उघडलं आणि शाईच्या ओळीवर बोट ठेवलं.

‘हे फळ्यावरचंच अक्षर.’

‘छे छे, ते दुसऱ्या कुणाचं असेल. वाचा.’

‘स... प्रे... म. भे... ट.’ तारीख तिने एका दमात वाचली, आकडे पक्के होते ना. ‘चार, पाच, ब्याण्णव.’

काका वाकले. सही त्यांचीच. डिपार्टमेंटमधल्या कुणाच्या तरी लग्नात दिलेला आहेर, दिवाळीच्या पोत्यातून घरी आलेला. तिसाव्या पानापुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

‘दिलेलं परत घेतलंत काय, गुरुजी?’

काकांनी लॉगबुक काढलं, वेळ घातली, १७.१०. पुढे ‘आवक’ लिहायचं की ‘जावक’, यावर पेन बराच वेळ तसंच थांबलं.